दोन नमुने, दोन आकडे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सर्वेक्षणांबद्दल आलेली बहुतेक पत्रे फिरून एकाच प्रश्नापाशी येतात. गाव तेच, पद्धत तीच, मग दोनदा नमुना काढल्यावर उत्तर दोनदा वेगळे का? त्यांतले सहा प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या गावात सुमारे २,४०० घरे आहेत. कॉलेजच्या प्रकल्पासाठी दोन गटांनी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या (घरपट्टीच्या) यादीवरून चिठ्ठ्या टाकून प्रत्येकी १०० घरे निवडली. ‘नळाला रोज पाणी येते का?’ या प्रश्नाला एका गटाला ४६ टक्के होकार मिळाले, दुसऱ्याला ५८ टक्के. आमचे सर म्हणतात, कुणीतरी घरी बसून फॉर्म भरले. फरक एवढा मोठा असू शकतो का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : असू शकतो. एवढ्यावरून कुणावर आळ घेणे बरोबर होणार नाही.

गावातल्या ५२ टक्के घरांना खरोखर रोज पाणी येते असे धरू. १०० चिठ्ठ्या काढल्या की त्यात बरोबर ५२ होकाराची घरे निघतीलच असे नाही. कधी ४७ निघतील, कधी ५६. हा चढउतार साधारण किती असेल ते चिठ्ठ्या काढायच्या आधीच सांगता येते. होकाराचे प्रमाण आणि नकाराचे प्रमाण यांचा गुणाकार करा, त्याला नमुन्यातल्या घरांच्या संख्येने भागा आणि वर्गमूळ काढा. ०.५२ × ०.४८ म्हणजे ०.२४९६. भागिले १००, आणि वर्गमूळ सुमारे ०.०५, म्हणजे ५ टक्के. संख्याशास्त्रात याला ‘प्रमाण त्रुटी’ म्हणतात. शब्द जरा फसवा आहे, कारण यात चूक कुणाचीच नसते. असे शंभर नमुने काढले तर त्यांतल्या सुमारे ९५ नमुन्यांचा आकडा खऱ्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण त्रुटींच्या आत पडतो. तुमच्या बाबतीत ४२ ते ६२. ४६ आणि ५८ दोन्ही त्यात आरामात बसतात.

आता फरकाकडे बघू. सरांची गफलत इथे झाली असावी, कारण बरेच जण एका नमुन्याचा पल्ला (दोन्ही बाजूंच्या दोन प्रमाण त्रुटी) फरकालाही लावतात. फरकात दोन आकडे असतात आणि दोन्ही हलते असतात. म्हणून दोघांच्या त्रुटींच्या वर्गांची बेरीज करायची : २५ + २५ = ५०, वर्गमूळ ७.१. त्याच्या दुपटीपर्यंतचा, म्हणजे १४ टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ चिठ्ठ्यांच्या खेळात येऊ शकतो. तुमचा फरक १२ चा आहे. हाच उपद्व्याप शंभरदा केला तर नऊएक वेळा १२ किंवा त्याहून मोठा फरक दिसेल.

घरी बसून भरलेल्या फॉर्मची खूण बहुधा उलटी असते. समजा, दहा स्वयंसेवकांनी चिठ्ठीने निघालेल्या प्रत्येकी १०० घरांत जाऊन विचारले. प्रामाणिक काम असेल तर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यात १५ च्या आसपास अंतर पडेल. एकाचे ४४, दुसऱ्याचे ५९, असे. दहाही जण ५१, ५२, ५३ घेऊन आले, तर मात्र सरांनी जरूर चौकशी करावी. मनाने भरणाऱ्याला वाटते की सगळ्यांचे आकडे सारखे यायला हवेत, आणि त्यातच तो सापडतो.

तुमच्या हातून नकळत एक चांगली गोष्टही घडली आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकात बंगालमधल्या तागाच्या पाहणीत मुद्दामच एका भागात दोन स्वतंत्र नमुने काढून ते दोन वेगळ्या तुकड्यांकडे दिले. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही ही रीत आली. दोन तुकड्यांच्या आकड्यांतला फरक हिशेबातल्या पल्ल्यात बसला की निर्धास्त व्हायचे, बाहेर गेला की कारण शोधायचे.

तुमचा फरक २० टक्क्यांचा असता तर आम्ही हे या क्रमाने तपासले असते. एका गटाने कुलूप असलेले घर सोडून शेजारचे घेतले का? (यात दिवसा घरी माणूस असलेली घरे जास्त येतात. शेजारी जायचे नाही. वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचे आणि तरीही कुलूप असेल तर ‘भेट नाही’ अशी नोंद करायची.) एक गट सकाळी आणि दुसरा संध्याकाळी गेला का? प्रश्न दोघांनी शब्दशः एकच विचारला का? ‘रोज पाणी येते का?’ आणि ‘पाण्याचा त्रास आहे का?’ हे कानाला जवळचे वाटले तरी वेगळे प्रश्न आहेत. फॉर्मची फेरतपासणी सगळ्यात शेवटी. प्रत्येक गटाच्या फॉर्ममधून चिठ्ठीने दहा काढा आणि त्या घरी पुन्हा जा.

प्रश्न : महाराष्ट्रात नऊ कोटींहून जास्त मतदार. त्यांचा कल १,००० लोकांवरून सांगतात, आणि आमच्या तालुक्यासाठीही १,००० लोक लागतील म्हणतात. हे कसे?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : शितावरून भाताची परीक्षा करताना भगोणे दोघांचे आहे की दोनशेंचे, हे कुणी विचारत नाही. भात नीट ढवळलेला असला म्हणजे झाले. वरच्या सूत्रात नमुन्याची संख्या आहे, एकूण लोकसंख्या कुठेही नाही. १,००० जणांच्या नमुन्याचा पल्ला राज्यासाठी अधिक-उणे ३.१ टक्के, आणि दोन लाख मतदारांच्या तालुक्यासाठीही तोच. नमुना एकूण संख्येचा मोठा हिस्सा असेल तेव्हाच फरक पडतो. २,००० मतदारांच्या गावात १,००० जणांना विचारले तर पल्ला २.२ वर येतो, कारण अर्धे गाव मोजूनच झालेले असते.

शिताची उपमा एका बाबतीत लंगडी आहे. भाताची शिते बहुतेक सारखी शिजतात, म्हणून एक पुरते. माणसांत एका शिताने काहीच कळत नाही.

प्रश्न : नववीच्या वर्गात हे करून दाखवायचे आहे. संगणक नाही. मुले ४०.
– एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : सुके हिरवे आणि पांढरे वाटाणे घ्या. ४०० हिरवे आणि ६०० पांढरे, एकूण १,०००. दहा मुलांना शंभर-शंभर मोजायला द्या, दहा मिनिटांत होते. सगळे मोठ्या पातेल्यात ओता. हिरव्यांचे प्रमाण ४० टक्के आहे हे मोजणाऱ्या मुलांनाही कळू देऊ नका. प्रत्येकाला एकाच रंगाचे मोजायला द्या आणि बेरीज स्वतःकडे ठेवा. हे पथ्य महत्त्वाचे आहे. उत्तर माहीत असले की मुले आपला ‘चुकीचा’ आकडा दुरुस्त करून सांगतात, आणि प्रयोग तिथेच संपतो.

प्रत्येक मुलाने न बघता २० वाटाणे काढायचे, हिरवे मोजायचे, फळ्यावर आपल्या आकड्यावर फुली मारायची आणि वाटाणे परत टाकून पातेले तळापासून ढवळायचे. फळ्यावर ० ते २० आकडे आडवे लिहून ठेवा, फुल्या एकावर एक चढवत जा.

बरोबर ८ हिरवे (म्हणजे ४० टक्के) आणणारी मुले सातच्या आसपास निघतील. ६ ते १० मध्ये तीसएक मुले असतील. एखाददुसरा ३ किंवा १३ सुद्धा आणेल. त्याला वर्ग हसेल, तेव्हा त्याच्या फुलीवर बोट ठेवून सांगा की यानेही तेच पातेले वापरले.

मग चार-चार मुलांचे गट करून त्यांचे वाटाणे एकत्र धरा. नमुना ८० चा झाला. दहा गटांपैकी सातएक गटांत हिरवे २८ ते ३६ निघतील, म्हणजे ३५ ते ४५ टक्के. आधी बहुतेक मुले ३० ते ५० टक्क्यांमध्ये पसरली होती. नमुना चौपट केला तेव्हा पसारा निम्मा झाला. दुप्पट नमुन्याने तो निम्मा होत नाही, हे मोठ्यांच्याही सहज लक्षात येत नाही.

बिघडते कुठे? काबुली चणे आणि मूग असली जोडी घेतली तर हलवताना मोठे दाणे वर येतात, बारीक तळाशी जातात, आणि सगळ्यांचे आकडे एकाच बाजूला झुकतात. हिरवे वाटाणे कधी बारीक असतात, तेव्हा दुकानातच आकार बघून घ्या. पळीने घेतले तर २५-२६ येतात आणि जास्तीचे परत टाकताना मुले रंग बघून टाकतात. डोळे मिटून टाकायला लावा. वरच्या थरातूनच घेणे, परत न टाकणे आणि ढवळायचा कंटाळा हे नेहमीचे तीन दोष. खरे सांगायचे तर एका तासाला पातेले मुद्दाम न ढवळताही प्रयोग करून बघावा. त्यातून मुले जास्त शिकतील.

प्रश्न : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात आमच्या जिल्ह्याचे पूर्ण लसीकरण ७२ वरून ८१ टक्के झाले म्हणून सत्कार झाला. शेजारच्या जिल्ह्याचे ८४ वरून ७७ झाले, तिथे कारणे दाखवा नोटिसा निघाल्या. आणि काही आकडे कंसात का असतात?
– एक आशा गटप्रवर्तक, विदर्भ

उत्तर : आधी कंसाचे सांगतो, कारण त्यातच बरेचसे उत्तर आहे. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेले असते की कंसातला आकडा फक्त २५ ते ४९ जणांवर आधारलेला आहे. जिथे २५ हूनही कमी होते, तिथे आकडा न देता तारांकन (*) टाकतात. ही सूचना बैठकीच्या स्लाइडवर कधीच येत नाही.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरात ६,३६,६९९ कुटुंबांच्या मुलाखती झाल्या. आकडा प्रचंड आहे, पण तो सातशेवर जिल्ह्यांत वाटला जातो, आणि लसीकरणाचा प्रश्न फक्त १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपुरता असतो. जिल्ह्यातल्या नऊशेएक कुटुंबांत या वयाची मुले किती असणार? आपण ६० धरू. मग ७२ आणि ८१ यांच्यातल्या फरकाची प्रमाण त्रुटी ७.७ टक्के आणि पल्ला अधिक-उणे १५. तुमची वाढ ९ टक्क्यांची. शेजारच्यांची घट ७ टक्क्यांची, पल्ला १४. दोन्ही फरक नमुन्याच्या चढउतारात बुडालेले आहेत. सत्कारालाही आधार नाही आणि नोटिशीलाही नाही.

हा पल्लाही थोडा कमीच धरला आहे. या सर्वेक्षणात घरे जिल्हाभर विखुरलेली नसतात. आधी गावे किंवा शहरी गट निवडतात, मग प्रत्येक ठिकाणी २२ कुटुंबे. एका गावाची परिचारिका एक, उपकेंद्र एक, त्यामुळे उत्तरेही एकमेकांसारखी. शेजाऱ्यांतले हे साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे सगळे अगदी सारखे) ०.०५ इतके बारीक असले तरी २१ (गावातली उरलेली कुटुंबे) × ०.०५ + १ = २.०५; नमुन्याच्या संख्येला याने भागायचे, म्हणजे सर्व कुटुंबांना विचारलेल्या प्रश्नात १,००० कुटुंबांचे बळ सुमारे ४९० इतकेच उरते. लसीकरणात हा फटका सौम्य असतो, कारण २२ कुटुंबांत त्या वयाची मुले एक-दोनच निघतात.

अजून एक गंमत. जिल्हे ओळीने लावले की तळाचा जिल्हा थोडा मागासलेला असतो आणि थोडा नमुन्याच्या दुर्दैवाने तिथे पोचलेला असतो. पुढच्या फेरीत दुर्दैवाचा भाग बहुधा राहत नाही आणि आकडा आपोआप सुधारतो. श्रेय मधल्या काळात काढलेल्या नोटिशीला मिळते. बैठकीत काही दाखवायचेच असेल तर राज्याचा आकडा दाखवा, किंवा उपकेंद्रांच्या नोंदवह्यांशी ताडून बघा. देशाचे माता-मृत्यूचे प्रमाण तीन वर्षांची नोंद एकत्र करून काढतात, तेही याच कारणाने. एका वर्षातल्या घटना फार थोड्या पडतात.

प्रश्न : एक्झिट पोलवाले ‘अधिक-उणे ३ टक्के’ म्हणतात आणि तरीही चुकतात. नमुना वाढवत का नाहीत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिली गोष्ट, ते ३ टक्के एका पक्षाच्या मतांना लागू आहेत, आघाडीला नाहीत. १,००० जणांत एकाला ४२ आणि दुसऱ्याला ३९ टक्के असतील, तर ३ टक्क्यांच्या आघाडीचा पल्ला ५.६ आहे. कोण पुढे हे त्यावरून सांगता येत नाही. दुसरी गोष्ट, मतांवरून जागा काढायच्या असतात. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, जागा मात्र ३० आणि १७. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये निकाल ४८ मतांनी लागला. तिथे लाखभर लोकांना विचारूनही खात्री देता आली नसती.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. ३ टक्के हा हिशेब चिठ्ठीने निवडलेल्या आणि खरे उत्तर देणाऱ्या माणसांचा आहे. केंद्राबाहेर जो थांबायला तयार होतो त्यालाच विचारले, जो घाबरतो त्याने भलतेच सांगितले, तर आकड्याचा हा एका बाजूचा झुकाव नमुना दहापट करूनही जात नाही. चुकीचाच आकडा जास्त ठामपणे छापला जातो, इतकेच.

प्रश्न : माझ्या शेतात सोयाबीन हेक्टरी ६ क्विंटलही झाले नाही. महसूल मंडळाची सरासरी पीक कापणी प्रयोगातून (निवडक शेतांतला छोटा प्लॉट कापून, मळून तोलतात त्यातून) ११ क्विंटल निघाली. दहा प्लॉटवरून सगळ्या मंडळाचा विमा ठरतो, हा न्याय आहे का?
– एक शेतकरी, हिंगोली

उत्तर : यात तीन वेगळे प्रश्न गुंतले आहेत.

तुमचे ६ आणि मंडळाचे ११ हा नमुन्याचा दोष धरता येणार नाही. पीक विम्याची योजना मंडळाच्या सरासरीवर चालते, मग मंडळातला प्रत्येक प्लॉट कापला तरी तुमचे ६ त्या सरासरीत विरघळणारच. तक्रार रास्त आहे, पण ती विम्याचे क्षेत्र लहान करा अशी मागणी आहे. प्लॉट वाढवून ती भागणार नाही.

दुसरा प्रश्न दहा प्लॉटचा. मंडळात शेताशेताच्या उत्पादनाचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) हेक्टरी ४ क्विंटल धरा. त्याला १० च्या वर्गमुळाने भागले की १.२६. इतक्या लहान नमुन्यात दुपटीऐवजी २.२६ पट घेतात, म्हणून पल्ला सुमारे २.९. मोजलेली सरासरी ११ असली तरी खरी सरासरी ८ ते १४ मध्ये कुठेही असू शकते. उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली सरासरी गेली की भरपाई मिळते) १२ आणि हेक्टरी विमा रक्कम ५०,००० रुपये असेल तर ११ वर भरपाई ४,१६७ रुपये, ९ वर १२,५००, आणि १३ वर शून्य. चिठ्ठीतला चढउतार असा सरळ रुपयांत उतरतो. तो कधी शेतकऱ्याच्या बाजूने पडतो, कधी कंपनीच्या. निम्मा करायचा तर ४० प्लॉट कापावे लागतील, आणि ते सगळे कापणीच्या त्याच दहा-पंधरा दिवसांत. ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांना अडचण समजेल.

तिसरा प्रश्न प्लॉट कापताना होणाऱ्या चुकांचा आहे, आणि तो या सगळ्यांत महत्त्वाचा. गाव, गट नंबर आणि शेतातली जागा, तिन्ही यादृच्छिक (चिठ्ठीसारख्या निव्वळ योगायोगाने आलेल्या) अंकांनी ठरायला हवेत. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून लांबी-रुंदीची पावले मोजतात, त्यातून प्लॉटची लांबी-रुंदी वजा करतात आणि अंकांच्या जोडीने जागा ठरवतात. ती जागा विरळ दिसली म्हणून चार पावले सरकवली, की सरासरी वर चढली. रस्त्याकडेचे शेत सोयीचे म्हणून घेतले तरी तेच.

कडेच्या झाडांचा घोळ याहून सूक्ष्म आहे. दोरीवर आलेले झाड आत धरायचे की बाहेर? हात आपोआप आत धरतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिले की फार लहान प्लॉट घेतल्यास याच कारणाने उत्पादन फुगते. महालनोबिस लहान प्लॉटच्या बाजूचे होते आणि दोघांचा वाद बराच चालला. हिशेब साधा आहे. १ मीटर × १ मीटरच्या चौकटीत दर चौरस मीटरला ४ मीटर कड येते. १० × ५ मीटरच्या प्लॉटला ३० मीटर कड, म्हणजे दर चौरस मीटरला फक्त ०.६ मीटर.

प्लॉट पिकानुसार बदलतो. तो ५० चौरस मीटरचा असेल तर किलोला २०० ने गुणले की हेक्टरी उत्पादन येते. साडेपाच किलो म्हणजे ११ क्विंटल. वजनात १०० ग्रॅमची चूक हेक्टरी २० किलो होते. तुमच्या गावात प्रयोग असेल त्या दिवशी शेतावर जा. यादृच्छिक अंक आधीच लिहिलेले आहेत की शेतात उभे राहून ठरवले, ते विचारा. चारही खुंट्यांमधली दोरी ताणलेली आहे का आणि प्लॉटचे दोन्ही कर्ण सारखे भरतात का, ते बघा. १० × ५ मीटरला कर्ण ११.१८ मीटर यायला हवा. मळणीत दाणे ताडपत्रीबाहेर उडू देऊ नका. ओल्या शेंगांचे वजन आणि वाळल्यावरचे वजन वेगळे लिहितात का, तेही पाहा. आणि तोलायच्या आधी रिकामा काटा शून्यावर आहे की नाही, एवढे नक्की बघा.